मावशीच्या नोंदी

आमच्या प्रयोगशाळेत रक्ताचे नमुने तपासतात आणि अहवाल एका सर्व्हरवरून दवाखान्यांना जातात. तो सर्व्हर सांभाळणं माझं काम. ही नोकरी मला सख्ख्या मावशीनं मिळवून दिली. ती तिथली सगळ्यांत जुनी तंत्रज्ञ. गडगडाटी हसणारी, कुणाच्याही डब्यात हात घालणारी.

एका सकाळी अहवाल अडकले. डिस्क काठोकाठ भरली होती. सर्व्हरच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, पहाऱ्याची सोय असते. कोणी कोणती फाइल उघडली याची तो ऑडिट लॉगमध्ये नोंद करतो. त्या नोंदींचा पूर आला होता. मी जागा मोकळी करायचो, चहा निवायच्या आत ती पुन्हा भरायची. दुप्पट मोठी डिस्क लावली, तीही भरली. सगळ्या नोंदी एकाच खात्याच्या. मावशीच्या.

"मावशी, काय उघडतेयस?"

"डबा," ती म्हणाली. तिचा संगणक बंदच होता.

मी तिचा पासवर्ड बदलला, वायर उपटली, व्हायरस शोधला. नोंदी चालूच. प्रत्येकीत तिचा खातेक्रमांक, आणि फाइलचं नाव असायचं तिथं रिकामी जागा. ती बोलली, उठली, हसली की ओळी सुसाट धावायच्या. डोळे मिटून बसली की मंदावायच्या.

मी तिला श्वास रोखायला सांगितला.

ओळी थांबल्या.

ती फसकन हसली आणि संगणकाच्या पडद्यावर ओळी पुन्हा धो-धो वाहू लागल्या. "बघ, कुणीतरी माझी दखल घेतंय! तुझ्या काकांनी जन्मात घेतली नाही."

प्रमुख डॉक्टर आत आल्या. "ऑपरेशनचे पेशंट ताटकळलेत. या खात्याच्या नोंदीच घ्यायच्या नाहीत असं सांगून टाक सर्व्हरला."

एका ओळीचा नियम. खातं काढून टाकायला हात धजावला नसता. हे सौम्य वाटलं. मावशी खांद्यावरून डोकावत म्हणाली, "लिही की!"

मी लिहिला. पूर ओसरला, अहवाल सुटले.

दुपारी बाहेरचा काचेचा दरवाजा मावशीसाठी उघडला नाही. तिनं त्याला शिव्या घातल्या. मी मागून आलो तसा तो उघडला. पुढच्या दिवसांत तिच्या वाटचे नमुने इतरांकडे जाऊ लागले. काउंटरवरची मुलगी तिला धडकली आणि स्वतःच्या चपलेकडे बघत राहिली. डॉक्टरांनी आपली पर्स तिच्या मांडीवर ठेवली.

"डोळे फुटलेत का मेल्यांचे?" मावशी मला म्हणाली. आता ती हसत नव्हती.

मग काकांचा फोन आला, सहज, माझी खुशाली विचारायला. मावशीनं फोन माझ्या हातातून ओढला. "अहो, मी बोलतेय."

"हॅलो? हॅलो? आवाज येत नाही रे तुझा," काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी तिच्यासमोर तो नियम पुसला.

नोंदी उसळल्या. डॉक्टर दारातच थबकल्या. "अहो ताई! होतात कुठं इतके दिवस?" त्यांनी मावशीचे दोन्ही हात धरले. मावशी हमसून हमसून रडली.

तोवर डिस्क भरली. फोन खणखणू लागले. एक बाई ऑपरेशनच्या टेबलावर होती, तिचा रक्तगट कळत नव्हता.

डॉक्टरांनी पडद्याकडे पाहिलं. "कोणता नियम काढलास?"

मी सांगितलं. काय काय घडलं, तेही सगळं सांगितलं.

मावशीचे हात अजून डॉक्टरांच्या हातातच होते.

"लाव परत."

"डॉक्टर, पण मावशी..."

"हो. त्यांच्याच खात्याचा." त्या तिच्या डोळ्यांत बघून म्हणाल्या, "ताई, इलाज नाही."

मावशीनं हात सोडवून माझं मनगट पकडलं. "नको रे बाळा."

मी लावला.

डॉक्टरांनी तळवे कोटाला पुसले. "ओले कशानं झाले?" असं पुटपुटत त्या निघून गेल्या.

ती बाई वाचली.

मावशी अजून येते. मी आत शिरताना माझ्यामागून शिरते. सुरुवातीला मी तिच्याशी बोलायचो; लोक बघायला लागले. मग मान हलवायचो. मग तेही सोडलं.

आज तिनं हाक मारली नाही. माझ्या हातावर नुसता हात ठेवला. चांगला ऊबदार होता.

मी बाही खाली ओढली आणि कामाला लागलो.