सात नंबरचा ठिपका

११ फेब्रुवारी २०२३, शनिवार. उणे एकतीस, उत्तरेचा वारा, दुपारी एकपासून गोठलेल्या विनिपेग सरोवरावर पांढरा अंधार.

सोलवेगने सकाळीच मासळीच्या शेडमधल्या कॉम्प्युटरचा कर्नल, म्हणजे सगळी यंत्रणा पेलणारा गाभा, नवा केला होता. डिस्कवर जागा उरेना म्हणून जुने कर्नल पुसले. मशीन एकदा बंद-चालू करून बघायचं मात्र राहून गेलं. अडीचला वीज क्षणभर गेली, आली, आणि काळ्या पडद्यावर एकच ओळ थबकली: मूळ डिस्क सापडत नाही.

बर्फावर गेलेल्या प्रत्येकाजवळच्या नंबरी ट्रॅकरचा ठिपका याच पडद्यावर दिसे. तिचा नवरा बाल्दुर जाळी काढायला गेला होता. पश्चिमेला बर्फ फाटला होता.

"सोल… किनारा कुठल्या अंगाला गं?" वायरलेस खरखरला. "हात नाकासमोर धरला तरी दिसत नाही."

"हलू नकोस."

"थांबलो तर गोठेन."

शेजारचे म्हातारे गिस्लीकाका थर्मासमधली कॉफी ओतत म्हणाले, "कर्नल पळाला वाटतं रणातून!" पण त्यांचं त्यांनाच हसू आलं नाही. "पोरी, तुझा बाप आयनार सांगायचा ना, जुन्याला कधी हाकलू नये?"

"पुसला मी, काका. याच हातांनी."

दुरुस्तीचा पेनड्राइव्ह मशीनने ओळखलाच नाही. केबली काढून घातल्या. चौथ्यांदा बटण दाबलं, तेव्हा कर्नलची यादी उमटली. वर नवा. खाली आणखी एक, सकाळीच पुसलेला, तिच्या वडिलांनी, आयनारने, सात वर्षांपूर्वी बसवलेला. त्याच हिवाळ्यात ते गाडीसकट बर्फाखाली गेले होते. तिने तोच निवडला.

नकाशा उघडला. चार नंबर बाल्दुर. त्याच्या पुढे, वीसेक पावलांवर, सात नंबर.

"काका… सात नंबर कुणाकडे आहे?"

"कुणाकडे असणार? तो तर आयनारबरोबर तळाला…"

शेडमध्ये एकाएकी शेवाळाचा वास दाटला.

"सोल, माणूस पाठवलास, बरं केलंस," बाल्दुर म्हणाला. "पुढे चालतोय. पण अगं, ओलाचिंब आहे… आणि वळून बघत नाही. जाऊ का मागे?"

सात नंबर पूर्वेला सरकत होता. किनारा पूर्वेलाच होता.

"जा," ती म्हणाली. "हाक मात्र मारू नकोस."

बाल्दुर चार वाजून चाळीस मिनिटांनी किनाऱ्याला लागला. एकटा. मशीन चार एक्केचाळीसला बंद पडलं, ते पुन्हा चालू झालं नाही. सोमवारी डिस्क दुसऱ्या मशीनला जोडून पाहिली. तिच्यावर कर्नल एकच होता, नवा. ठिपक्यांच्या नोंदीतली शेवटची ओळ: सात नंबर, ४:४१, शेडच्या आत.