मिस्टर फॅलनची चारशे गाणी

२००३ चा डिसेंबर. तान्ह्या रेवाचे लोकरीचे कपडे ठेवायला प्रेस रिकामं करायचं, एवढंच काम होतं. आयर्लंडमध्ये, लिमरिकला आल्यापासून मुक्ताही कपाटाला प्रेसच म्हणायला लागली होती. आत निघाले पियानोच्या स्वरलिपीचे पिवळट गठ्ठे. पानापानावर एकच नाव : जे. फॅलन.

"माझे आजोबा, लव्ह," घरमालकीण मिसेस नोलन चहा ढवळत म्हणाली. "आधी थिएटरातल्या नाचगाण्यांच्या, नकलांच्या खेळांना चाली द्यायचे. बोलपटांनी ती थिएटरं बंद पाडली, तर हे गेले रेडिओवर. दर रविवारी नवं गाणं. चारशे! इथल्या त्या पियानोच्या खोलीतून न हलता."

"आणि आजी?"

"ती सारखी गुणगुणायची, आणि हे ते पियानोवर उतरवून घ्यायचे. पुढे बिचारीचं गाणंच आटलं. मग बोलणंही."

मुक्ताच्या डोक्यात तिडीक गेली. चारशे गाण्यांत त्या बाईचं नाव एकदाही नव्हतं.

मिसेस नोलन गेली. चारलाच अंधारून आलं. घरभर ओल्या कागदाचा वास. रेवाला मांडीवर घेऊन मुक्ता अंगाई म्हणू लागली. तिच्या आईने तिच्यासाठी रचलेली, कुठेच न लिहिलेली. आईला जाऊन वर्ष झालं होतं; उरली होती ती एवढीच. पहिली ओळ आली. दुसरी... दुसरीची चालच सापडेना.

आणि बंद खोलीत पियानोवर ती वाजली. आईच्या हरकतीसकट.

तिने नवऱ्याला, उपेंद्रला, फॅक्टरीत फोन लावला.

"अगं, पाइप वाजत असतील. जुनं घर आहे, बाकी ग्रँड आहे."

"पाइपांना माझ्या आईची अंगाई येते का रे?" तिने फोन आपटला. आठ महिन्यांच्या जागरणाने आपलंच डोकं फिरलं असेल, हेही तिने प्रामाणिकपणे धरून पाहिलं. पण भीतीच्या आधी संताप येऊन पोचला होता.

झोपलेल्या रेवाला पाळण्यात ठेवून तिने ते दार लाथेनेच उघडलं. स्टूल रिकामं. पट्ट्या मात्र आपोआप दबत होत्या... तिसऱ्या ओळीवर.

"बायकोला मुकी केलीस, तरी पोट नाही भरलं? माझी आई आहे ती, चोरा!" तिने झाकण धाडकन मिटलं. "आता माझ्याकडून एक सूर मिळायचा नाही तुला. एक... सुद्धा... नाही!"

सगळं शांत झालं. जिंकल्यासारखं वाटून ती बाहेर आली.

रेवा जागी झाली होती. रडत होती. तोंड उघडं, चेहरा लालबुंद, गालांवर ओघळ.

आवाज नव्हता.

मागे झाकण हळूच वर गेलं. कुणीतरी एका बोटाने, थांबत थांबत, एक अगदी कोवळा सूर शोधत होतं.