आकडा आलाच नाही

सामन्याची सत्तर मिनिटं उलटली तरी भोंग्यातून आकडा आला नाही, आणि मोइरा टॅटरसॉलने पुन्हा घड्याळाकडे बघितलं.

एल्डरक्लफच्या फुटबॉल मैदानावर पंच चुकतो, गोलरक्षक चुकतो, मटणाची पाई तर बहुतेकदा आतून गारच निघते. पण उत्तरार्धात ग्लेनिस हॉरॉक्स भोंग्यावरून आजची हजेरी सांगते, ते कधी चुकत नाही. कारण तो आकडा मोइराचे वडील आणून देतात. क्लिफर्ड टॅटरसॉल, वय चौऱ्याहत्तर. फाटकांवरच्या लोखंडी फिरक्या त्यांच्या ताब्यात. माणूस फिरकी ढकलून आत शिरला की टक् होतं आणि मागचं चाक एकाने पुढे सरकतं. मध्यंतरात क्लिफर्ड सगळ्या फिरक्या बघून बेरीज करतात आणि वर ग्लेनिसच्या खोलीत नेऊन देतात. मोइरा फ्रॉक घालायची तेव्हापासून यात खंड पडलेला नव्हता.

त्यात आज आकड्यावर सगळा डोलारा उभा होता. मैदानाची जागा नगरपालिकेची, आणि तिथे घरं बांधायचा घाट घातला जात होता. पालिकेने अट घातली होती, या मोसमात एकदा तरी हजार माणसं जमवून दाखवा, तर भाडेपट्ट्याची मुदत वाढवू. बारा पौंडांचं तिकीट काढून येणारे जेमतेम तीनशे. म्हणून क्लबाचे अध्यक्ष इफ्तिखार सादिक यांनी आज तिकिटाचा भावच काढून टाकला. मनाला येईल ते द्या आणि आत या. माणसं लोटली होती खरी, पण हजार झाली का ते क्लिफर्डशिवाय कोण सांगणार?

"म्हातारा मोजता मोजता झोपला वाटतं," शेजारचा बर्नी पाई चावत म्हणाला. "एवढी गर्दी बघायची सवय कुठे त्याला."

"रांग फार होती का रे?" मोइराने काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं.

"मला कसली रांग. मी शेडजवळच्या मोठ्या गेटाने आलो. बादलीत दोन पौंड टाकले की आत. बऱ्याच जणांना तिथूनच आत घेत होते."

मोइराचं लक्ष नव्हतं. ती ग्लेनिसच्या खिडकीकडे बघत होती. आज तसंही सगळं उलटं चाललं होतं. एल्डरक्लफचा संघ उत्तरार्धात नेहमी पत्र्याच्या शेडकडच्या गोलावर चालून जातो आणि गावचे लोक तिथे, गोलामागे, आडोशाला उभे राहतात. आज पाहुण्यांच्या कर्णधाराने नाणेफेक जिंकून मुद्दाम टोकं फिरवली, म्हणजे उत्तरार्धात एल्डरक्लफला कालव्याकडच्या गोलावर चालून जायचं होतं. मग मध्यंतरात झाडून सगळी माणसं चहाचे पेले सांभाळत, त्याला शिव्या घालत, मैदानाला वळसा घालून कालव्याकडच्या उघड्या टोकाला आली. कालव्यावरचा वारा हाडं फोडत होता. तेवढ्यात एल्डरक्लफच्या लोमॅक्सने तिथल्याच जाळीत गोल मारला आणि सगळे एकमेकांच्या अंगावर पडले. मोइरा तेवढी गर्दीतून वाट काढत ग्लेनिसकडे निघाली.

"आलेच नाहीत गं ते," ग्लेनिस म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. "मध्यंतराची शिट्टी झाली तेव्हा खाली दिसले होते. शेडकडे चालले होते."

"शेडकडे कशाला? चालू फिरक्या तर सगळ्या रस्त्याच्या बाजूला आहेत."

ते ग्लेनिसलाही सांगता येईना. मोइरा खाली क्लिफर्डच्या टपरीत गेली. खुंटीवर त्यांचा जाड कोट तसाच लटकत होता. खिशात फोन होता, आणि रक्त पातळ करायच्या गोळ्यांची डबीही होती. म्हणजे म्हातारा माणूस नुसत्या स्वेटरवर कुठेतरी पडलाय, आणि डोक्याला खोक पडली असेल तर रक्त थांबायचं नाही. मोइरा पोलिसात सार्जंट होती, वीस वर्षांत तिने कितीतरी बायकांना सांगितलं होतं की घाबरू नका, सापडतील. आता स्वतःसाठी ठाण्याला फोन लावायची वेळ तिच्यावर आली होती. ठाण्यातून उत्तर आलं की हमरस्त्यावर बर्फामुळे गाड्या आदळल्यात, माणसं मोकळी झाली की पाठवतो.

सामना संपला, माणसं पांगली, काळोख उतरला. जमिनीवर पांढरं हिव पडायला लागलं होतं. उरलेले लोक स्नानगृहं, भांडारघर, कालव्याचा काठ धुंडाळत होते. सगळ्यात मोठ्याने हाका मारत होता नॉरिस पिलिंग, क्लबाचा उपाध्यक्ष आणि क्लिफर्डचा शाळेपासूनचा दोस्त. मोइराला लहानपणी त्याने खांद्यावर बसवून सामने दाखवले होते. त्याचा घोगरा आवाज ऐकून तिला तेवढाच धीर येत होता.

पण नुसतं शोधून भागणार नव्हतं. मैदान मोठं होतं आणि थंडी वाढत होती. कुणाला काय माहीत आहे ते काढून घ्यायला हवं होतं. तिने चहाच्या खोलीत आधी अध्यक्षांना बसवलं.

"तुमचं आणि बाबांचं सकाळी वाजलं होतं, असं कळलं."

"वाजलं होतं," सादिक म्हणाले. गादीच्या दुकानाचे मालक ते, कधी नव्हे ते खाली मान घालून बसले होते. "मी म्हटलं, शंभरेक कमी पडले तर हजार सांगून टाक. तो म्हणाला, चाक सांगेल तेवढंच सांगणार."

"मग?"

"मग मी चिडलो. काय काय बोललो. पण सार्जंट, मला तर तो आकडा हवाच होता. त्याला गायब करून मला काय मिळणार?"

"मध्यंतरात कुठे होतात?"

"पाहुण्या संचालकांना चहा देत होतो. ग्लेनिसच्या खिडकीतून दिसतं ते."

कोपऱ्यात बसलेल्या ग्लेनिसने होकारार्थी मान हलवली. मोइराने श्वास सोडला. मग आकडा नको कुणाला होता? तिने नॉरिसला बोलावलं. तो आला तो थेट तिच्याजवळ, आणि तिचे गारठलेले हात त्याने आपल्या हातांत धरले. त्याच्या फिकट रेनकोटाच्या बाहीवर तपकिरी पट्टा उमटला होता. पाईचा रस सांडला असेल, असं तिला वाटलं.

"नॉरिसकाका, तुम्ही बाबांना शेवटचं कधी पाहिलंत?"

"सामन्याआधी. हात केला एकमेकांना, बस. त्याला आज फुरसत कुठे होती."

"मध्यंतरात नाही भेटलात? दर शनिवारी दोघं बरोबर चहा पिता."

"गर्दीत चुकामूक झाली बघ."

"आणि उत्तरार्धात?"

"शेडमध्येच होतो की, आपल्या पोरांबरोबर. लोमॅक्सचा गोल माझ्या नाकासमोर झाला. हात लांबवला असता तर जाळीला लागला असता." त्याने तिच्या केसांवरून हात फिरवला. "घाबरू नकोस पोरी. सापडेल तो."

मोइराने मान हलवली. तो दाराकडे वळला. खिडकीतून मैदान दिसत होतं, दिवे अजून चालू होते. कालव्याकडच्या टोकाला कागदी पेले आणि पाईचे कागद वाऱ्यावर भिरभिरत होते. समोर शेडच्या पायऱ्यांवर जेमतेम एखादा कागद होता, आणि तिथे पांढरं हिव एकसारखं पसरलेलं होतं.

आपलंच काहीतरी चुकत असावं, असं तिला मनापासून वाटत होतं. पण ती स्वतः कालव्याकडे उभी होती, तो गोल स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता.

"दार लावून घ्या," ती सादिकांना म्हणाली. "काका, बसा. लोमॅक्सने गोल कालव्याकडच्या जाळीत मारला. आज टोकं फिरवली होती. उत्तरार्धात शेडमध्ये चिटपाखरू नव्हतं."

नॉरिस खुर्चीच्या कडेवर टेकला.

"आपण आज कुठे उभे होतो, हे एल्डरक्लफच्या माणसाला विसरणं शक्य नाही. सगळे त्या वाऱ्यात कुडकुडत होते. ज्याने नाणेफेक पाहिली नाही आणि उत्तरार्धही पाहिला नाही, तोच नेहमीसारखं शेडचं नाव घेईल. तुम्ही पूर्वार्धात भिंतीबाहेर होतात, मोठ्या गेटाशी, बादली घेऊन. त्या गेटाची किल्ली बाबांकडे आणि तुमच्याकडे, आणखी कुणाकडे नाही. तिथे फिरकी नाही, म्हणजे तिथून शिरलेला माणूस चाकावर येत नाही. मैदान फुललं तरी आकडा हजाराच्या आतच राहावा, हे तुम्हाला हवं होतं. बर्नीने मला कधीच सांगितलं होतं, मीच ऐकलं नाही. बाबा मध्यंतरात तिकडे का आले ते मला ठाऊक नाही, पण आले, आणि त्यांनी तुम्हाला पाहिलं."

"मोइरा, अगं..."

"ते कुठे आहेत?"

नॉरिसने दाराकडे बघितलं. त्याचे ओठ निळे पडले होते, आणि तिला दिसलं की तो तिच्याहून जास्त भ्यालेला आहे. जिवंत माणसासाठी कुणी इतकं घाबरत नाही.

तिची नजर त्याच्या बाहीवर गेली. तिने तो पट्टा बोटाने चोळला. पाईचा रस चिकट असतो. हे कोरडं होतं, बोटाला भुकटी लागली. गंज होता तो. चालू फिरक्यांना बाबा दर शुक्रवारी तेल घालतात, त्यांच्यावर गंजाचा ठिपका सापडायचा नाही. गंजलेली फिरकी मैदानात एकच. मोठ्या गेटाला लागून, भिंतीतल्या बंद खोपटात, कुलूप घातलेली.

"सादिकसाहेब, पहार घ्या," म्हणत ती पळत सुटली.

मागून नॉरिसही धावत आला आणि धावता धावता बरळत होता. घरं बांधणाऱ्याने मला त्यातलं एक घर कबूल केलं होतं, म्हातारपणी आपलं छप्पर. बादली ठेवायला खोपट उघडलं होतं, क्लिफ गेट बंद करायला धावला, मी फक्त ढकललं गं, तो आतल्या फिरकीवर आपटला, खूप रक्त आलं, हलेना. कुलूप लावून गाडीत जाऊन बसलो. आरडाओरडा ऐकला, बाहेर पडणाऱ्यांकडून गोल कळला.

"श्वास बघितलात?" तिने न थांबता विचारलं.

त्याने बघितला नव्हता.

नेहमीसारखी टोकं असती, तर याच भिंतीला पाठ लावून गावची सगळी माणसं उत्तरार्धभर उभी असती. आत कुणी नुसतं कण्हलं असतं तरी ऐकू गेलं असतं. हे मोइराच्या मनात आलं आणि तिला रडू फुटलं. सादिकांनी पहारीने कुलूप तोडलं. ग्लेनिसने बॅटरी धरली. गंजलेल्या लोखंडाच्या आड, अंग मुडपून क्लिफर्ड पडले होते. डोक्याखाली रक्त थिजलं होतं. मोइराने गुडघे टेकले, त्यांच्या मानेवर बोटं ठेवली, आणि बराच वेळ तिला स्वतःचीच धडधड जाणवत राहिली. मग खाली काहीतरी हललं, अगदी मंद.

"आहेत," ती म्हणाली. "आहेत, रुग्णवाहिका बोलवा."

तिने आपला कोट त्यांच्यावर घातला, सादिकांनी आपला घातला. दारात नॉरिस उभा होता. पळाला नाही, आतही आला नाही.

क्लिफर्डनी डोळे किलकिले केले. नजर ठरत नव्हती. ओठ हलले, तशी मोइराने कान जवळ नेला.

"बाबा, बोलू नका."

"नॉरिसला शोध," ते पुटपुटले. "पूर्वार्धात तो आत दिसलाच नाही, त्याने नाणेफेक पाहिलेली नसणार. मी सांगायलाच निघालो होतो... पुढचं आठवत नाही. त्याला सांग, टोकं फिरवलीत. नाहीतर बिचारा शेडमध्ये एकटाच उभा राहील."

मोइराने मान वर केली. नॉरिसने ते ऐकलं होतं. तो दाराच्या चौकटीला धरून हळूहळू खाली बसला, आणि पोलिसांची गाडी आली तेव्हाही तिथेच बसून होता.