वाचून दाखवणारं मशीन

दार लोटा जरा, वारं लई सुटलंय. आन बसा हितं. आपल्या उत्रोलीच्या गेनूचा थोरला, स्वरूप, त्याच्यावर आलेलं सांगतो.

पोरगं जन्मापासून आंधळं, पण हुशार. भोरच्या कॉलेजात शिकत होतं. तिथल्या लायब्ररीत गेल्या साली वरच्या मजल्यावर आंधळ्या पोरांसाठी एक खोली उघडली. बोटांनी चाचपून वाचायची ब्रेलची पुस्तकं आणली, हेडफोन आणले, आन एक मशीन आणलं. त्याच्या काचेवर पुस्तक पालथं घातलं की ते बाईच्या आवाजात वाचून दाखवायचं. आधी ती खोली कैक वर्षं कुलपात होती. कशापायी, कुणाला ठाऊक न्हाई.

मार्गशीर्षातली अवस होती. दुसऱ्या दिवशी स्वरूपचा इतिहासाचा पेपर, आन एक धडा ऐकायचा राहिलेला. लायब्ररीच्या सौदामिनीबाई म्हणाल्या, "तू ऐक निवांत. मी थांबते." बाकी सगळे घरी गेले. अंधार पडला. दोघंच.

मशीन वाचत होतं. लढाया, तह, सनावळ्या. मधीच थांबलं. मग म्हणालं, "ऊठ."

स्वरूप हसला. "बाई, हे पुस्तकात हाय व्हय?"

बाईंनी पान बघितलं. "नाही रे. बिघडलंय काहीतरी." त्यांनी पान उलटलं.

"ऊठ. ही जागा माझी आहे."

बाईंनी पुस्तकच उचललं. काच मोकळी. नुसता हिरवा उजेड. तरी मशीन बोललंच,

"बाई, तुम्ही जा... हा राहू दे."

 बाई तशाच भिंतीपाशी गेल्या आन पिन उपटली. मशीन बंद. सगळं गप.

मग स्वरूप हळूच बोलला, "बाई, हात काढा ना. दुखतंय."

बाई भिंतीपाशी. पिन हातात.

"स्वरूप... मी इथे आहे."

...

त्याचा उजवा हात टेबलावर होता. हातावर काही नव्हतं. पण बोटं दबत होती. एकेक. नखं पांढरी पडली होती.

"बाई... लई जण हायेत..."

बाई धावल्या. कंबरेला धरून ओढलं. टेबल सरकलं. हात सुटेना.

"सोड त्याला! उद्या पेपर आहे त्याचा!" बाई किंचाळल्या. काय बोलावं, सुचत न्हाई अशा वक्ताला.

सुटला. एकदम. दोघं दाराबाहेर पडली. मागं दार लागलं... आतनं.

पेपर दिला त्यानं. पासबी झाला. खोलीला परत कुलूप पडलं. सौदामिनीबाई आता त्या जिन्यानंसुदिक जात न्हाईत.

मलाबी वाटलं, भ्यालं असंल पोरगं. पण परवा त्याच्यासंगं किकवीला गेलतो, मोबाईलचं नवं सिम घ्यायला. दुकानदार म्हणाला, उजवा अंगठा ठेव मशीनवर. घेईना. पुसून ठेवला. घेईना. दुसरं बोट, तिसरं... न्हाई. दुकानदारानं त्याचा हात उजेडात धरला, आन चटका बसल्यागत सोडला.

म्या बघितला तो हात. पाचीच्या पाची बोटांवर एक रेघ न्हाई. सोललेल्या अंड्यावानी गुळगुळीत.

डावा अंगठा पहिल्या दमात घेतला.