दहावी फिल्म

नोएडाच्या नव्या एमआरआय सेंटरमध्ये पहिल्याच सकाळी मी चुकून तिथल्या रेडिओलॉजिस्टच्या, डॉक्टर प्रसन्नच्या खुर्चीत बसले.

“बसा, बसा,” दारातून आवाज आला. “न्यूरॉलॉजीवाल्यांना आमची खुर्चीच हवी असते, नाही?”

“खुर्ची नको हो... फिल्म वाचायला शिकवा, बस!”

तो हसला, आणि मी कामातून गेले.

साल अठ्ठ्याण्णव. मी डॉक्टर लुंबिनी, न्यूरॉलॉजी शिकत होते. मेंदूच्या फिल्म वाचायला शिकण्यासाठी दोन महिने इथे पाठवलेली, आणि शेवटी दहा फिल्मची परीक्षा. दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरपासूनचे बसचे धक्केसुद्धा मला गोड वाटू लागले. फिल्मच्या उजेडात आमची डोकी जवळ यायची, तो पेन्सिलीने एखादा ठिपका दाखवायचा, आणि मी... मी ठिपकाच बघायचे, शपथ!

“आधी फिल्म, मग पेशंट,” तो म्हणायचा.

“आधी पेशंट!” मी भांडायचे. “कुठला हात लुळा पडलाय ते कळलं, तर कुठे बघायचं ते कळेल ना, यार!”

परीक्षेच्या आदल्या दिवशी कळलं – माझी परीक्षा घ्यायला त्याने नकार दिलाय. सेंटरच्या प्रमुख शालिनी मॅडम घेणार. माझं डोकंच फिरलं. कॉलेजपासून मी ‘कोट्यातली, हिला पास करतातच’ हे ऐकत आले होते. हाही तसलाच निघाला?

नऊ फिल्म झाल्या. दहावीत काहीच दिसेना.

“मॅडम, पेशंटला बघू?”

बाहेर बसलेल्या अंकलना चालायला लावलं. डावा पाय किंचित ओढत होते. परत येऊन फिल्मवर मेंदूच्या उजव्या बाजूला, मध्यरेषेलगत पाहिलं... होता! तांदळाएवढा डाग.

“हा आमच्याही नजरेतून सुटला होता,” मॅडम म्हणाल्या आणि पास म्हणून सही केली.

तो कागद घेऊन मी तडक प्रसन्नपुढे उभी राहिले. “मी नापास होईन असं वाटलं तुम्हाला?”

“बिल्कुल नाही. पण उद्या कुणी म्हणायला नको, प्रसन्नने पास केलं.”

“तुमचं नाव कशाला घेईल कुणी?”

“कारण मला...” त्याचे कान लाल झाले. “मला तुम्ही फार आवडता. लग्नाचं विचारायचं होतं. पण निकालाआधी कसं विचारणार?”

माझे डोळे भरून आले. माझं यश माझंच राहावं म्हणून हा माणूस इतके दिवस गप्प बसला होता.

“मग विचारा की आता,” मी म्हणाले.