रिहाबच्या पलंगाखाली

"गच्चीवर एकही बदक नाही, मग खाला कोंडा कुणासाठी भिजवतेय?" बसंतने विचारलं.

"स्वतःच खात असेल!" हाझेम फिदीफिदी हसला.

बसंत आणि तिचा भाऊ हाझेम ही भावंडं सहामाहीच्या सुट्टीत नगातखालाकडे, म्हणजे मावशीकडे, नाईलकाठच्या खेड्यात आली होती. शेजारच्या कोंबड्या पटापट मेल्या होत्या. बर्ड फ्लूची तपासणी सुरू होती. "माझी बदकं मी केव्हाच विकली सगळी!" खालाने तपासनिसांना ठणकावून सांगितलं होतं.

पण कोंड्याची परात गेली ती रिहाबताईच्या खोलीत! रिहाब खालाची मुलगी, बाळंतपणासाठी आलेली.

"खाला, पाव करपतोय!" हाझेमने ठोकून दिलं. खाला भट्टीकडे धावली आणि दोघं खोलीत घुसले. बसंतने पलंगाची चादर उचलली. बदकं! एकाची मान लुळी पडली होती.

"अरेरे, बिचारं!" हाझेम वाकला.

"हात लावू नकोस!" बसंतने त्याची बाही खेचली.

"मी सांगून दमले," पलंगावर बसलेली रिहाब पुटपुटली. "आई ऐकेल तर ना!"

तेवढ्यात खाला दारात हजर. "चोंबडे मेले! ती माणसं मारून पुरतील त्यांना! मग बाळंतिणीला सूप कशाचं देऊ? तिच्यासाठीच वाढवलीत गं!"

"खाला," बसंत म्हणाली, "बदकांच्या विष्ठेतून, नाकातोंडातल्या पाण्यातून आजार माणसाला लागू शकतो. पोटुशीला तर जास्तच धोका! आणि तू तो ताईच्याच पलंगाखाली ठेवलास?"

खालाने लेकीच्या पोटाकडे पाहिलं. मग तिनेच सांगितलं, "जा, डॉक्टरीणबाईंना बोलाव."

बदकांना तोच आजार निघाला. ती सगळी मारून पुरली. मायलेकींचे नमुने घेतले, औषध सुरू झालं, दोघींना वेगवेगळ्या खोल्यांत ठेवलं. खालाने तर बदकांना स्वतःच्या हातांनी भरवलं होतं. ती अंगणाच्या टोकाला उभी राहून विचारायची, "ताप नाही ना गं, राणी?" लेकीजवळ मात्र जायची नाही. बसंतला फार वाईट वाटायचं.

अखेर डॉक्टरीणबाई दोघींचे अहवाल घेऊन आल्या. "शाब्बास पोरांनो! तुम्ही होतात म्हणून वेळेत कळलं. रिहाबला काही झालेलं नाही. आणि नगातबाई, तुमचा—"

खाला तोवर अंगण ओलांडून धावली होती.

"अहो, स्वतःचं तरी ऐकून घ्या! तुम्हीही ठणठणीत आहात!"

खालाला काही ऐकू येत नव्हतं. लेकीला कुशीत घेऊन ती हमसून हमसून रडत होती.