अगं, ऐकतेस का?

यातला एकही शब्द मी पदरचा घातलेला नाही. ज्यांना पटणार नाही त्यांनी इथेच थांबावं, माझा राग नाही. मला कोणी सांगितलं असतं तर मीही हसण्यावारी नेलं असतं.

घडलं ते माझ्या सख्ख्या आत्याच्या घरात. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. आणि रात्रीबित्री नाही...

भर दुपारी. चार वाजून दहा मिनिटांनी.

आत्या शिवणकाम करते. नवे कपडे नाही. लोकांचे तयार कपडे आत घेणं, सैल करणं, चेन बदलणं, कोटाला अस्तर लावणं. त्याआधी तीस वर्षं ती कपड्यांच्या कारखान्यात होती. एका दालनात दोनशे मशीनं. त्या खडखडाटानं तिचे कान हळूहळू खाल्ले. पन्नाशीला ऐकू येणं जवळपास संपलं. समोर बसून सावकाश बोललं तर ओठ वाचून तिला सगळं कळतं. पाठमोरी असली की मागे ढोल बडवा, मान वळणार नाही.

तिचं मशीन बाहेरच्या खोलीत, खिडकीशी. उजेड तिथेच चांगला येतो. म्हणजे काम करताना तिची पाठ आतल्या खोलीच्या दाराकडे.

आतल्या खोलीत आतोबांचा पलंग.

आतोबा जाऊन तेव्हा सव्वा वर्ष झालं होतं. दुपारी आडवे झाले ते उठलेच नाहीत. "झोपेतच गेले," आत्यानं सगळ्यांना सांगितलं. भेटायला आलेले म्हणायचे, भाग्यवान माणूस, कोणाला साधी हाकसुद्धा मारावी लागली नाही. आत्या मान हलवत ऐकून घ्यायची. म्हणजे, वाचून घ्यायची.

त्यांची मुलगी, आमची ताई, दुसऱ्या शहरात नर्स आहे. तिच्या घरात सगळे एका प्रकारचे फोन वापरणारे आणि आत्या नेमकी दुसऱ्या. ताईनं फोटो पाठवले की इकडे धुरकट दिसायचे. नातवंडांचा व्हिडिओ कॉल लागता लागत नसे. शेवटी ताईनं नवा फोन घेऊन पाठवला. "आई, आता तू आमच्यात ये."

"दहा वर्षं संसार केलाय मी या फोनशी," आत्या म्हणाली. "आता या वयात घरात सवत आणू?"

पण नव्या फोनचं एक होतं. त्याला कान होते.

घरात बेल वाजली, नळ चालू राहिला, कोणी दार ठोठावलं, की तो थरथरायचा आणि पडद्यावर लिहून दाखवायचा. कोणी बोललं तर बोलणंही लिहून दाखवायचा. एकट्या राहणाऱ्या बाईला आणखी काय हवं?

जुन्यातलं नव्यात न्यायचं काम माझ्याकडे आलं. मी दहा मिनिटांवर राहतो. दोन्ही फोन मशीनच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. पडद्यावरचं वर्तुळ भरायला दीड तास लागला.

"मागे जायचं बटण कुठे गेलं रे?"

"याला ते नसतं आत्या. मागे जायचं तर कडेवरून बोट सरकवायचं."

"म्हणजे मागे जायचं तेही कडेकडेनंच," ती म्हणाली. मग हळूच विचारलं, "ह्यांचं सगळं आलं ना? फोटो, मेसेज?"

"सगळं आलं."

पहिला आठवडा मजेत गेला. फोन सारखा सांगायचा, कुत्रा भुंकतोय. आत्याला वाटलं, बिघडलाय. शेजारणीला विचारलं तर ती ओशाळली. चार वर्षं तिच्या घरात कुत्रा होता आणि आत्याला पत्ताच नव्हता! फोन खोटं बोलत नाही, हे आत्याला त्या दिवशी पटलं.

मग तो सोमवार आला.

आत्या एका कोटाचं अस्तर उसवत होती. शेजारी टेबलावर फोन थरथरला. तिनं पाहिलं...

*खोकला. ४:१०.*

कोणीतरी खोकतंय म्हणे. तिनं दार उघडून जिन्यात पाहिलं. कोणी नाही. खिडकीतून खाली पाहिलं. रस्ता रिकामा.

तिनं खांदे उडवले आणि कामाला लागली.

मंगळवारी पुन्हा. *खोकला. ४:१०.* आणि लगेच आणखी एकदा. *खोकला. ४:११.*

तिनं मला मेसेज केला. मी जाणत्याच्या थाटात उत्तर दिलं, "नवीन फोन जास्त तिखट कानांचा असतो. वरच्या मजल्यावरचं ऐकत असेल."

तिच्या वर फक्त गच्ची होती. माझ्या ते लक्षातच आलं नाही.

बुधवारी तिनं मशीन आधीच बंद ठेवलं. फोन हातात धरून बसली.

४:१०. खोकला.

४:११. खोकला.

४:१२...

*काच फुटली.*

आत्यानं फोन टेबलावर पालथा घातला.

कारण ही गोष्ट जगात फक्त तिला माहीत होती.

त्या दिवशी, सव्वा वर्षापूर्वी, ती पाच वाजता चहाला उठवायला आतल्या खोलीत गेली होती. आतोबा पलंगावरून अर्धे बाहेर आले होते. आणि त्यांचा पाण्याचा काचेचा पेला फुटलेला होता. हातून निसटला असता तर पलंगाशी फुटला असता. तो दाराच्या उंबरठ्याशी फुटला होता.

फेकलेला होता.

तिच्या दिशेनं.

हाका मारून भागेना, म्हणून त्यांनी पेला फेकला होता. आणि ती आठ पावलांवर पाठ करून बसली होती. शिवत.

माणसं जमायच्या आत तिनं काचा गोळा केल्या, कागदात बांधल्या, टाकून दिल्या. आणि सांगितलं, झोपेतच गेले. ताईलाही हेच सांगितलं.

गुरुवारी चार वाजता ती आतल्या खोलीत गेली. पलंगाच्या कडेला टेकली. फोन मांडीवर. बोललेलं लिहून दाखवतो ते चालू केलं.

पडदा पांढरा. वर एवढंच, *ऐकत आहे...*

फोन थरथरला. खोकला. पुन्हा खोकला. काच.

तिनं उंबरठ्याकडे पाहिलं. फरशी कोरडी, स्वच्छ.

मग पांढऱ्या पडद्यावर एक शब्द उमटला...

*अगं*

आतोबांनी जन्मात तिला नावानं हाक मारली नाही. अगं म्हटलं की ती.

*अगं ऐकतेस का*

खोलीत कोणी नव्हतं. खिडकीचा पडदाही हलत नव्हता. आणि तिच्यासाठी तर ती खोली नेहमीसारखीच शांत होती. तेच सगळ्यांत वाईट, ती मला म्हणाली. सगळं शांत, आणि अक्षरं मात्र येतायत.

*ऐकतेस का*

*अगं*

आत्या रडत मोठ्यांदा म्हणाली, "मला ऐकू आलं नाही हो!"

फोननं तिचंही बोलणं लिहून दाखवलं. *मला ऐकू आलं नाही हो.*

थोडा वेळ काहीच नाही.

मग त्याच्या खाली...

*आता येतंय ना?*

शनिवारी ताई आली. आत्यानं तिला एवढंच कळवलं होतं की फोनमध्ये काहीतरी गडबड आहे. चारला दोघी आतल्या खोलीत बसल्या. ताईचे कान तीक्ष्ण, रुग्णाचा श्वास दारातून ओळखणारी बाई. ती म्हणाली, खोलीत सुई पडल्याचाही आवाज नव्हता.

फोन थरथरला. तिनं वाचलं.

पुन्हा थरथरला.

"आई, ही काच कसली?"

आत्यानं मान फिरवली.

"आई, माझ्याकडे बघ. कसली काच?"

आणि आत्यानं सांगितलं. सगळं. पेला, उंबरठा, कागदात बांधलेल्या काचा.

ताई उठून उभी राहिली. "बाबा झोपेत गेले म्हणून मी सव्वा वर्ष मनाची समजूत घातली," ती म्हणाली. "रोज माणसं मरताना बघते मी. मला खरं सोसलं नसतं का?"

"तुला सोसलं असतं गं. मला सांगणं सोसलं नसतं."

पुढची अक्षरं उमटायच्या आत ताईनं फोन बंद केला आणि पर्समध्ये टाकला. संध्याकाळच्या गाडीनं निघून गेली. जाताना आईच्या गळ्यात पडली नाही.

तिच्या घरी तिनं रोज चारला तो फोन समोर ठेवून पाहिला. आठ दिवस. काही नाही. नातवंडांचा दंगा तेवढा लिहून यायचा.

म्हणजे जे होतं ते फोनमध्ये नव्हतं. खोलीत होतं.

इकडे मी आत्याला पुन्हा जुन्या फोनवर आणलं. बटण जागेवर, सगळं जागेवर. माझा जीव भांड्यात पडला. दोन दिवस गेले, चार गेले. आठवड्यानं आत्या माझ्या दारात उभी. जिने चढून दमलेली.

"तो फोन परत आणून दे."

"अगं, हा बरा आहे की! काही त्रास नाही."

"हा बहिरा आहे. माझ्यासारखा." ती माझ्या ओठांकडे नाही, डोळ्यांत बघत होती. "चारला ते हाका मारत असतील. आणि पुन्हा कोणी ऐकत नसेल. कळतंय तुला?"

मी ताईला फोन केला. आत्या काय म्हणाली ते तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पाठवते."

मी पुन्हा दोन्ही फोन शेजारी ठेवले. पुन्हा ते वर्तुळ भरताना बघत बसलो.

त्याला आता दोन महिने झाले. आत्या रोज पावणेचारला मशीन बंद करते. आत जाते. दार लोटून घेते. साडेचारला बाहेर येते आणि चहा टाकते. तब्येत सुधारली आहे तिची. ताईशीही ती आता बोलते, रोज रात्री. मी मनात म्हटलं, असू दे. कोणाचं काय, कोणाचं काय.

तीन आठवड्यांपूर्वी मी तिच्याकडे गेलो तेव्हा चार वाजून गेले होते. दार तिनं आतून उघडलं, फोन हातातच. मला आतल्या खोलीत बोलावलं. पलंगावर तिच्या शेजारी बसवलं.

"खोकला थांबलाय," ती म्हणाली. "काचही नाही फुटत आता."

"मग चांगलंच आहे."

"आणि मलाही हाक मारत नाहीत."

मी मान हलवली.

"चार-पाच दिवस झाले," आत्या म्हणाली, "तुझं नाव घेतायत."

खोलीत ऊन होतं. खाली कोणीतरी गाडी लावत होतं.

"एकसारखं तुझंच नाव. का रे?"

"काय माहीत," मी म्हणालो.

फोननं ते लिहिलं. *काय माहीत.*

आम्ही दोघं त्या अक्षरांकडे बघत होतो. मग त्यांच्याखाली दुसरी ओळ उमटायला लागली... आत्यानं पटकन पडद्यावर हात ठेवला. फोन स्वतःकडे वळवून एकटीनंच वाचलं.

मग तिनं माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ. ओठांकडे.

"घरी जा तू," ती म्हणाली.

आता जे लिहितोय ते मी कोणालाच सांगितलेलं नाही. ताईलाही नाही.

आतोबा गेले त्या दिवशी चार वाजून चौदा मिनिटांनी मला आतोबांचा फोन आला होता. मी ऑफिसात मीटिंगमध्ये होतो. कापला. "नंतर करतो" असा तयार मेसेज असतो ना, तो पाठवून दिला. ऑफिसातूनही दहा मिनिटांवरच होतो मी. नंतर त्यांचा नंबर बंद करायचं काम माझ्याकडेच आलं, तेव्हा त्यांच्या फोनमधून ती नोंद मी पुसून टाकली. माझ्यातूनही.

तेव्हापासून मी आत्याकडे गेलेलो नाही. तिचा मेसेजही आलेला नाही.

त्या ओळीत काय होतं, हे तिला विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही.